दर सहा महिन्यांनी नाना विचारतात, "पास का?"

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या आठवड्यात माझी सहामाही तपासणी झाली आणि लगेच चार दिवसांची सुट्टी घेऊन गावी आलो. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठी आमचं धाब्याचं घर आहे. रात्री धाब्यावर अंथरूण टाकून पडलो की झोप लागेपर्यंत डोक्यात तीच ती गोष्ट फिरते. ११ वर्षं कुणाला सांगितली नाही. आज लिहितो.

मी ए३२० जातीचं प्रवासी विमान चालवतो. आठ वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक होतो, गेली चार कॅप्टन आहे. गावाकडे सगळ्यांना वाटतं की एकदा लायसन मिळालं, खांद्यावर पट्ट्या आल्या, की वैमानिकाची परीक्षा संपली. आमची संपत नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये पीपीसी, म्हणजे प्रावीण्याची तपासणी. वर्षातून एकदा इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विमान उतरवता येतं का ते बघणं. शिवाय वैद्यकीय तपासणी. शिवाय प्रवासी बसलेले असताना मागच्या जंप सीटवर बसून कुणीतरी आपलं काम बघतं ती रूट चेक. यातलं एकही जमलं नाही तर त्या दिवसापासून उड्डाण बंद.

सिम म्हणजे सहा लांब पायांवर उभी केलेली मोठी पेटी. आत हुबेहूब कॉकपिट, खिडक्यांबाहेर पडद्यावर धावपट्टी, पाऊस, धुकं, रात्र, पाहिजे ते. पाय पुढे-मागे, वर-खाली हलले की पाठीला खरंच विमान पळतंय असं जाणवतं. दोन दिवस, रोज चार-चार तास. पहिल्या दिवशी सराव, दुसऱ्या दिवशी तपासणी. आधी तास-दीड तास फळ्यासमोर चर्चा, नंतर डीब्रीफ, म्हणजे काय चुकलं-जमलं त्याची चर्चा. हे यंत्र फार महाग, म्हणून ते चोवीस तास चालू ठेवतात. रात्री दोनची वेळ मिळाली तर रात्री दोनला जायचं. आत यंत्रांसाठी एवढा गारवा असतो की आमच्याकडे ४४ अंश तापमान असताना मी बॅगेत स्वेटर भरतो. आई दरवेळी म्हणते, "इतला उन्हामा स्वेटर कसाले रे?"

तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस मी निराळा माणूस असतो. माजघराच्या भिंतीवर कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलंय. समोर खुर्ची ठेवून बसतो आणि हात हवेत फिरवत एकेक कृती तोंडानं म्हणतो. काही कृती अशा असतात की पुस्तक उघडायला वेळच नसतो, त्या पाठ लागतात. घरातले तेव्हा पाय न वाजवता ये-जा करतात. नाना शेतातून येऊन ओट्यावर बसतात आणि माझं पुटपुटणं ऐकत राहतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण मी अडखळलो की त्यांची मान वर होते.

आता ती गोष्ट.

नोकरीला लागून दीड वर्षही झालं नव्हतं. तपासणीला माझ्या डाव्या सीटवर खूप मोठे कॅप्टन होते. माझ्या वयापेक्षा त्यांची उड्डाणाची वर्षं जास्त. पावसाळी हवा, कमी दृश्यमानता, आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारानं, उतरणं चालू. विमान त्यांच्या हातात आणि मी देखरेखीला. १००० फुटांवर मी ठरलेला पुकारा केला. त्यावर उत्तर यायला हवं, ते आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. उत्तर नाही. बघितलं तर नजर समोर, हात साइडस्टिकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावर. मला वाटलं, लक्ष एकवटलंय, बोलायला वेळ नसेल. मी म्हणालो, "सर?" ५०० फुटांवर परत पुकारा, परत "सर?" विमान मध्यरेषेवरून डावीकडे सरकायला लागलं होतं आणि नाक खाली चाललं होतं. तेही दिसत होतं. यंत्र ओरडायला लागलं, "सिंक रेट", म्हणजे फार वेगानं खाली चाललाय. मी आणखी दोनदा "सर" म्हणालो. "पुल अप", म्हणजे वर ओढा, असं ऐकल्यावर मी विमान घेतलं. तोवर उशीर झाला होता.

परीक्षकांनी त्या कॅप्टनना आधीच गुपचूप सांगून ठेवलं होतं की १२०० फुटांना तुम्ही बेशुद्ध व्हायचं. नियम अगदी सोपा आहे. दोनदा बोलून योग्य उत्तर आलं नाही तर समोरचा माणूस काम करू शकत नाही असं धरायचं, "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, साइडस्टिकवरचं लाल बटण दाबायचं आणि विमान घ्यायचं. ते बटण ४० सेकंद दाबून धरलं की दुसरी साइडस्टिक निकामी होते, बेशुद्ध माणूस तिच्यावर कोसळला तरी काही होत नाही. हे सगळं मला पाठ होतं. आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं.

डीब्रीफमध्ये परीक्षक शांतपणे म्हणाले, "तू चार वेळा 'सर' म्हणालास. 'आय हॅव कंट्रोल' म्हणायची वेळ दोन पुकाऱ्यांनंतरच आली होती." आणि कागदावर असमाधानकारक असं लिहिलं.

रोस्टरवरून नाव गेलं. मी गावी आलो. श्रावण होता, कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला देवीचा सण) होते, सगळं भाऊबंद एकत्र. नाना ज्याला त्याला सांगत होते, "पोऱ्या विमान चालवस." मी सांगितलं की कंपनीनं रोस्टर बदललं म्हणून सुट्टी मिळाली. खोटं बोललो. पुढे दुरुस्तीचं, म्हणजे माझी चूक सुधारण्याचं, प्रशिक्षण झालं, पुन्हा तपासणी झाली, पास झालो. पण नानांना आजतागायत सांगितलेलं नाही. ते दर सहा महिन्यांनी फोनवर विचारतात, "पास का?" मी हो म्हणतो, आणि त्या एका वेळचं आठवून घशात अडकतं.

हे फक्त वैमानिकांचं नसावं असं वाटतं. ज्यांच्या कामात पुन्हा पुन्हा तपासणी होते, किंवा व्हायला हवी पण होत नाही, त्यांनी लिहावं.

केळीबाग रावेर

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. एक अडाणी प्रश्न विचारतो. विमान तर ऑटोपायलटवरच चालतं म्हणतात. मग दर सहा महिन्यांनी नेमकं काय तपासतात? आणि इंजिन बंद पडलं तर खरंच उडतं का?

बोरीकाठ

केळीबाग दादा, प्रश्न अडाणी नाही. ऑटोपायलट रोजचं काम करतो, आणि तपासणी असते ती रोज न घडणाऱ्या गोष्टींची. त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धाकाची म्हणजे टेकऑफच्या वेळी इंजिन जाणं.

धावपट्टीवर वेग वाढत जातो, ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दर उड्डाणाआधी वजन, वारा, तापमान, धावपट्टीची लांबी धरून एक वेग काढलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आधी काही बिघडलं तर थांबायचं. त्याच्यानंतर थांबायचं नाही, कारण पुढे पट्टी उरलेली नसते. मग एका इंजिनावर उडायचंच. परीक्षक नेमकं व्ही-वनच्या पुढच्याच क्षणाला इंजिन मारतो.

बैलगाडीचं उदाहरण घ्या. जोडीतला डावा बैल अचानक बसला तर उजवा ओढतच राहतो आणि गाडी डावीकडे वळते. विमानाचं तसंच. नाक मेलेल्या इंजिनाकडे वळतं. उलट्या पायानं सुकाणूचं पेडल दाबून ते सरळ ठेवायचं. किती दाबायचं ते हिशेबानं येत नाही, पायाला कळावं लागतं. जोरात दाबलं तरी चूक, कमी दाबलं तरी चूक. आणि हो, एका इंजिनावर विमान उडतं, चढतं आणि उतरतंही. तसं ते बांधलेलंच असतं. आजची इंजिनं इतकी भरवशाची आहेत की पुष्कळ वैमानिकांच्या सबंध नोकरीत हा प्रसंग येत नाही. म्हणूनच सिम लागतं. जी गोष्ट ३० वर्षांत कदाचित एकदा येईल ती हाताला कायम ताजी ठेवायची, याला दुसरा मार्ग नाही.

त्यानंतरचा नियम मला फार आवडतो. इंजिन गेलं म्हणून लगेच त्याला बंद करायला धावायचं नाही. आधी विमान सरळ ठेवा, वर न्या, सुरक्षित उंची येऊ द्या. मग दोघांनी मिळून, बोट ठेवून, मोठ्यानं म्हणून खात्री करायची की आपण मेलेल्याच इंजिनाचा लिव्हर धरलाय. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ७३७ विमान पडलं, ४७ माणसं गेली. बिघडलेलं इंजिन एक होतं आणि बंद केलं गेलं दुसरं, चांगलं चाललेलं.

दुसरी एक गोष्ट म्हणजे केबिनमधला दाब जाणं. ३५,००० फुटांवर ऑक्सिजनविना माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट शुद्धीत विचार करू शकतो. म्हणून आधी आपला मास्क, मग बाकी सगळं. तुम्हाला विमानात सांगतात ना, आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा? आम्हालाही तेच शिकवतात. मग विमान १०,००० फुटांपर्यंत उतरवायचं. आणखी एक म्हणजे समोरासमोर विमान येणं. त्यात धडक टाळायचं यंत्र वर म्हणालं तर वर जायचं, नियंत्रण कक्ष खाली म्हणत असला तरी. १९९६ साली चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ लोक गेले, त्यानंतर आपल्याकडे हे यंत्र सक्तीचं झालं.

भुसावळचे आप्पा

पोरा, मी ३४ वर्षं रेल्वेत होतो. असिस्टंट म्हणून चढलो, मेल-एक्स्प्रेसचा ड्रायव्हर म्हणून उतरलो. आता त्याला लोको पायलट म्हणतात, त्यामुळे तुझ्या-माझ्या नोकरीचं नाव निम्मं तरी एकच.

तपासणी आमचीही होती. भुसावळलाच झोनल ट्रेनिंग आहे, तिथे ठराविक वर्षांनी रिफ्रेशरला बसावं लागायचं. डोळ्यांची आणि बाकी सगळी मेडिकल, वय वाढेल तशी तिची मुदत कमी होत जाते. चीफ लोको इन्स्पेक्टर कधीही येऊन इंजिनात मागे उभा राहायचा आणि आपण ब्रेक कुठे लावतो ते बघायचा. एखाद्या सेक्शनवर तीन महिने गाडी नेली नाही तर तिथे पुन्हा लर्निंग केल्याशिवाय गाडी देत नाहीत. इगतपुरीकडे जाताना कुठे चढ आहे, कुठे वळणाआड सिग्नल आहे, हे अंगात मुरलेलं लागतं.

पण तुझं वाचून मला दुसरंच आठवलं. आमच्याकडे सिग्नल पुकारायची पद्धत. असिस्टंट बघतो आणि मोठ्यानं म्हणतो, "होम, पिवळा." ड्रायव्हर बघतो आणि तेच परत म्हणतो. नुसती मान हलवायची नाही, तोंडानं म्हणायचं. एका पावसाळ्यात मनमाडच्या अलीकडे रात्री माझ्या डोळ्यांनी शेजारच्या लाइनीचा हिरवा आपला धरला. मी "हिरवा" म्हणून टाकलं. बाजूला नवीन पोरगा, सहा महिन्यांचा असिस्टंट. तो ओरडला, "लाल आहे, लाल!" साहेब नाही, काका नाही, काही नाही. मी ब्रेक लावला. गाडी सिग्नलच्या आत थांबली. लाल ओलांडला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि नोकरी ही तर फार लहान गोष्ट.

त्या पोराला मी मनमाडला चहा पाजला आणि विचारलं, तुला माझी भीती नाही वाटली? तो म्हणाला, "वाटली. पण सिग्नल लाल होता."

इंजिनात एक यंत्र असतं. मिनिटभर ड्रायव्हरनं कशालाच हात लावला नाही तर ते आधी दिवा लावतं, मग भोंगा वाजवतं, आणि तरी काही झालं नाही तर आपण होऊन ब्रेक लावतं. म्हणजे बेशुद्ध माणूस ओळखायचं काम आमच्याकडे यंत्रही करतं. तुझ्याकडे ते फक्त बाजूच्या माणसानं करायचं. हे ओझं मोठं आहे. तुझं पहिल्यांदा चुकलं यात मला नवल वाटत नाही.

आणि नानांना सांगून टाक. बाप काय खातो का?

पारोळ्याची शंका

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. माझा मावसभाऊ याच लाइनीत आहे. तो सांगतो की तपासणीत काय येणार ते सगळ्यांना माहीत असतं. इंजिन जाणार, एका इंजिनावर पुन्हा वर जायला लावणार, मग उतरवणार. सगळे पाठ करून जातात. असं असेल तर ती परीक्षा कसली? शाळेतल्या अपेक्षित प्रश्नसंचासारखंच झालं.

दुसरं म्हणजे परीक्षकाच्या हातात माणसाची नोकरी असते. भावाला एकदा असा परीक्षक भेटला की पहिल्या मिनिटापासून ओरडत होता, चूक दिसली की खुर्चीवर हात आपटायचा. भाऊ म्हणाला, त्या दिवशी मला विमान उडवण्यापेक्षा मागच्या माणसाचीच जास्त धास्ती होती. अशा भीतीत कोण खरा दिसेल?

बोरीकाठ

शंका भाऊ, राग कसला. तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत.

पहिली गोष्ट बरोबर आहे. कित्येक वर्षं तपासणी ठरलेल्या यादीची होती, कारण ती यादी जुन्या जेट विमानांच्या काळात बनली, जेव्हा इंजिनं वारंवार बंद पडायची. आता माणसं मरतात ती बऱ्याचदा यादीबाहेरच्या गोष्टींनी: गोंधळ, थकवा, एकमेकांशी न बोलणं, यंत्र काय करतंय ते न समजणं. म्हणून आयसीएओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, २०१३ साली पुरावाधारित प्रशिक्षणाची पुस्तिका काढली. त्यात प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदी आणि अपघात बघून प्रसंग तयार करायचे, आणि हाताच्या कसबाबरोबर निर्णय, संवाद, कामाची वाटणी हेही मोजायचं. सगळीकडे ते पूर्ण आलंय असं नाही. पण मला बेशुद्ध कॅप्टनचा जो प्रसंग मिळाला तो मला आधी माहीत नव्हता, आणि नेमका म्हणूनच तो खरा निघाला.

ओरडणारे परीक्षक मीही पाहिलेत. त्यांच्यासमोर माणूस चूक लपवायला शिकतो, आणि लपलेली चूक नंतर सिमबाहेर निघते. तुमच्या भावाचं अगदी बरोबर आहे.

पण तपासणीत खरी चूक सापडली आणि पुढे काहीच झालं नाही तर काय होतं, तेही सांगतो. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२ विमान उडालं. जळगावला येतं त्याच जातीचं. टेकऑफनंतर एक इंजिन शक्ती देईनासं झालं आणि कॅप्टननं दुसऱ्याच, चालू असलेल्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला. विमान पुलाच्या कठड्याला घासून नदीत पडलं, ४३ लोक गेले. चौकशी अहवालात एक गोष्ट आली. कॅप्टन होण्यासाठीच्या सिम तपासणीत तो आधी नापास झाला होता, आणि व्ही-वननंतर इंजिन जाण्याच्या प्रसंगात तो चाचपडतो अशी नोंद होती. म्हणजे तपासणीनं तिचं काम केलं होतं. कागदावर बोट बरोबर जागी ठेवलेलं होतं. तो अहवाल वाचला त्या दिवशी माझ्या स्वतःच्या त्या कागदाबद्दलचा राग गेला.

आणि मोठ्यांपुढे गप्प बसण्याबद्दल. २७ मार्च १९७७, टेनेरिफ. धुक्यात दोन जम्बो एकाच धावपट्टीवर, ५८३ मृत्यू. जे विमान परवानगी न मिळताच धावत सुटलं त्याचा कॅप्टन त्या कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. बाजूच्या सहवैमानिकाची ७४७ ची तपासणी त्यानंच काही आठवड्यांपूर्वी घेतली होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की समोरचं विमान अजून पट्टीवरून गेलं नाही का. कॅप्टननं ठामपणे उडवून लावलं, आणि मग कुणी काही बोललं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या सहवैमानिकाच्या जागी स्वतःला पाहिलं. ज्यानं मला पास केलं त्याच्या हातातून विमान कसं घेऊ?

आपल्या घरांत लहानपणापासून काय शिकवतात? मोठ्यांच्या हातातली वस्तू ओढायची नाही, ते बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हे संस्कार चांगलेच आहेत, मी माझ्या मुलीलाही तेच शिकवतो. पण माझ्या त्या चार "सर" मध्ये ते होते. दुरुस्तीच्या प्रशिक्षणात प्रशिक्षकानं मला विमान उडवायला लावलंच नाही. अर्धा तास नुसतं सीटवर बसवलं आणि मोठ्यानं म्हणायला लावलं, "आय हॅव कंट्रोल." आवाज फुटेपर्यंत. मग गावी येऊन रात्री धाब्यावर मी तेच म्हणत असे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, पोरगा रात्री इंग्रजीत कुणावर ओरडतो?

भूल देणारी, जळगाव

मी भूलतज्ज्ञ आहे. हा धागा दुपारी दोन केसच्या मध्ये वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला.

आमच्या कामाची लोक विमानाशी तुलना करतात: भूल देणं म्हणजे टेकऑफ, जागं करणं म्हणजे लँडिंग. आमच्याकडेही वर्षानुवर्षं न येणारा आणि आला तर मिनिटांत निकाल लावणारा प्रसंग असतो. रुग्णाला भूल दिली, त्याचा स्वतःचा श्वास थांबला, आणि नळी काही केल्या श्वासनलिकेत जात नाही. त्या वेळी काय करायचं याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शेवटची पायरी म्हणजे गळ्याला समोरून छेद देऊन श्वासाची वाट करणं. ती मी माणसावर एकदाही केलेली नाही. पुतळ्यावर शेवटची केली त्याला किती वर्षं झाली ते आज मोजलं आणि अस्वस्थ झाले.

विमानाच्या सिमवरूनच आमच्या विषयात ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी पुतळ्यावरचा सराव सुरू केला. मोठ्या कॉलेजांत आता तशा प्रयोगशाळा आहेत. पण माझ्यासारख्या खासगी काम करणाऱ्या डॉक्टरला नोंदणी चालू ठेवायला काय लागतं? महाराष्ट्रात पाच वर्षांत ३० क्रेडिट. ते परिषदांना आणि व्याख्यानांना बसून मिळतात. माझा हात अजून बरोबर चालतो का, हे पदव्युत्तर परीक्षेनंतर कुणी पाहिलेलं नाही. बोरीकाठ, तुम्हाला जी तपासणी घशात अडकते, ती माझ्याकडे नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि सर्जनला "थांबा" म्हणणं. इथेही तेच "सर" आहे. आमच्या थिएटरमधल्या सिस्टरना मी आज सांगितलं की माझं ऑक्सिजनकडे लक्ष नाही असं दोनदा वाटलं तर नावानं हाक मारून सांगायचं, मॅडम म्हणायची गरज नाही. त्या आधी हसल्या. मी नाही हसले, तेव्हा त्या गंभीर झाल्या.

गोंदूरची पहाट

सर, मी धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर उडायला शिकते. घर शिंदखेड्याकडे. उड्डाणाचे ६२ तास झालेत. आम्ही पहाटेच उडतो, कारण दहानंतर काळी जमीन तापली की विमान भाकरीसारखं उलटसुलट उडतं. परवा माझी प्रोग्रेस चेक आहे आणि दोन रात्री झोप नाही. स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांवरची हवा सुटून विमान पडायला लागतं तेव्हा, माझा हात आपोआप स्टिक मागे ओढतो. पपांनी शेत विकून पैसे भरलेत. नापास झाले तर काय सांगू?

पायलटच्या घरची

मी नाशिकहून. माहेर चाळीसगाव. गोंदूरच्या पोरी, झोप. खरंच. आमच्याकडे तपासणीच्या आधी मी दोनच गोष्टी बघते, ह्यांची झोप आणि जेवण. पाहुणे बंद, लग्नकार्य बंद, घरातला कुठलाही हिशेब बंद. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला राग यायचा, की सहा महिन्यांतले पंधरा दिवस हा माणूस घरात असून नसतो. मग एकदा ह्यांच्यासमोर बसून मी स्वतः पुस्तक धरलं आणि प्रश्न विचारले. तेव्हापासून ती तपासणी आमच्या दोघांची झाली. आता मला त्या पाठ कृती ह्यांच्याइतक्याच येतात.

बोरीकाठ

गोंदूरची पहाट, ताई, आधी तुझं.

स्टॉलमध्ये हात मागे येणं हे शरीराचं स्वाभाविक आहे. विमान पडतंय असं वाटलं की माणूस त्याला वर ओढतो. पण पंखांवरची हवा सुटलेली असते, ओढल्यानं ती आणखी सुटते. नाक खाली दिलं की हवा पुन्हा पंखाला धरते. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ लोक होते. स्टॉलची सूचना वाजत असताना स्टिक बराच वेळ मागे ओढलेली होती, तीही शिकलेल्या वैमानिकांच्या हातून. त्यानंतर मोठ्या विमानांच्या प्रशिक्षणातही स्टॉलवर नव्यानं भर आला. म्हणजे तुझ्या हाताची ही सवय आत्ता, ६२ तासांवर, शेजारी इन्स्ट्रक्टर असताना आणि भरपूर उंची असताना दिसतेय, हे फार चांगलं आहे. उद्या उडताना इन्स्ट्रक्टरला स्वतःहून सांग की माझा हात मागे येतो, मला फक्त हेच पाच-सहा वेळा करायचंय. जमिनीवर खुर्चीत बसून हात पुढे देत मोठ्यानं म्हण, "नाक खाली." शंभर वेळा म्हण. घरचे काय म्हणतील त्याची फिकीर नको.

आणि पपांना परवा संध्याकाळी जे झालं असेल ते त्याच संध्याकाळी सांग. माझ्यासारखी ११ वर्षं लावू नकोस. शेत विकणारा बाप निकालाला घाबरत नाही.

भूल देणाऱ्या ताई, तुमचं वाचून थांबलो होतो. तुम्ही सिस्टरना सांगितलंत ते आमच्या कॉकपिटमध्ये मी दर उड्डाणाआधी म्हणतो. मागच्या आठवड्याच्या तपासणीत परीक्षकांनी या वेळी मला बेशुद्ध व्हायला सांगितलं. उजवीकडे पाचोऱ्याकडची मुलगी होती, नोकरीला जेमतेम वर्ष. मी १००० फुटांच्या पुकाऱ्याला उत्तर दिलं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. मी गप्प. लगेच तिनं "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान घेतलं आणि वर नेलं. मी डोळे मिटून पडलो होतो, पण तिचा आवाज ऐकून भरून आलं.

आप्पा, आता तुमचं. काल रात्री जेवणं झाली, आईनं भरीत-भाकरी केली होती, ओट्यावर नाना आणि मी दोघंच होतो. सांगितलं. कानबाईच्या वेळचं खोटंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले. मग विचारलं, "मंग दुसरा येळले बाजूले कोन बठेल व्हतं?"

मी म्हणालो, तेच कॅप्टन. मी दुसऱ्यांदा बसणार हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं की याच्या बाजूला मीच बसेन.

नाना म्हणाले, "त्यास्ले एकदाव घर बलाव."

ते आता निवृत्त झालेत, पुण्यात असतात. आज सकाळी फोन केला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येतो म्हणाले.